वाय ऑफ झीरो आणि नारळीकर

एम-थ्रीच्या पेपरात डिफरन्शियल इक्वेशनच्या शेवटी एक बारकी ओळ असते : वाय ऑफ झीरो इतके, वाय डॅश ऑफ झीरो इतके. आपण ती 'सी-वन, सी-टू' काढण्यापुरती वाचतो आणि सोडून देतो. पण पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर याच ओळीवर जगतं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट, राधानगरीचे दरवाजे किती उघडले, यावर चहाच्या गाड्यावर उद्याचा हिशोब होतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. आजची स्थिती द्या, उद्याची सांगतो!

गुरुत्वाकर्षणात हे इतकं सोपं नाही. आइन्स्टाइनची समीकरणं दहा. त्यातली चार काळात पुढे नेतच नाहीत, सुरुवात कशी असावी यावरच बंधन घालतात. म्हणजे इथं वाय ऑफ झीरोसुद्धा मनाला येईल तो घेता येत नाही. नियमात बसणारी सुरुवात दिली की निदान थोड्या काळापुरतं पुढचं ठरतं, हे फ्रान्सच्या इव्हॉन शोके-ब्रुहा यांनी १९५२ मध्ये सिद्ध केलं. आइन्स्टाइनला पर्याय म्हणून येणाऱ्या प्रत्येक थिअरीला ही परीक्षा द्यावी लागते. काहींत समीकरणाची ऑर्डर दोनची चार होते आणि सुरुवातीची माहिती जास्त मागितली जाते. काहींत सुरुवातीला केसाएवढा फरक पडला तरी उत्तर हाताबाहेर!

आणि एक थिअरी अशी, की ती हा पेपरच नाकारते. ती आपल्या माणसाची आहे. जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. (आत्मचरित्राच्या नावात मात्र चार नगरं, त्यात आपण नाही. असो.) १९६४ मध्ये केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी मांडलं की कणाचं वस्तुमान त्याचं स्वतःचं नसतं, विश्वातल्या बाकी सगळ्या कणांमुळे ते येतं. हा परिणाम निम्मा भूतकाळातून येतो, निम्मा भविष्यातून! म्हणजे आजची स्थिती लिहायला बसलो तर उद्याचं विश्व पाहिल्याशिवाय ती पुरी होत नाही. वाय ऑफ झीरो काढायला अख्खा वाय लागतो.

ही गंमत म्हणून मांडलेली कल्पना नव्हती. व्हीलर आणि फाइनमन यांनी १९४५ मध्ये विजेच्या बाबतीत असाच विचार केला होता : भविष्यातलं विश्व सगळं शोषून घेत असेल, तर उलट येणारा परिणाम आपल्याला दिसत नाही. पण तेव्हा रिसर्च स्टुडंट असलेल्या स्टीफन हॉकिंगनं दाखवलं, की प्रसरणाऱ्या विश्वात भविष्याकडून येणारी बेरीज अनंत होते. नारळीकर-हॉइल यांनी पुढेही काम चालू ठेवलं, पण बहुतेक शास्त्रज्ञ तिकडे वळले नाहीत.

माझं मत विचाराल तर हॉकिंगचा मुद्दा बिनतोड. पण नारळीकरांनी धरलेला प्रश्न मला सोडवत नाही. आपल्या पेपरात वाय ऑफ झीरो पेपर काढणारे सर देतात. विश्वाला तो कोण देतो? समीकरण वेगळं, सुरुवात वेगळी, ही विभागणी आपण सोयीसाठी केली आहे की निसर्गानं?

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. शोके-ब्रुहा त्याच वर्षी फेब्रुवारीत, वयाच्या १०१ व्या वर्षी. हिंगोली जिल्ह्यातल्या लायगो-इंडियाला २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे. कृष्णविवरं आदळल्यावर येणारी लहर आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून कॉम्प्युटरवर काढणं २००५ मध्ये जमलं. पर्यायी थिअरींपैकी ज्यांची सुरुवातच नीट मांडता येत नाही, त्यांची लहर अजून काढताच येत नाही, मग ताडून पाहणार कशाशी?