हलव्याचा काटा

मकरसंक्रांत जवळ आली, की बाजारात पांढराशुभ्र काटेरी हलवा दिसू लागतो. त्याचा दाणा जिभेवर क्षणात विरघळतो. परंतु तो घडण्यास किती दिवस लागतात, हे खाणाऱ्यास सहसा ठाऊक नसते. मला ते आमच्या आजीमुळे कळले.

पुणे-सातारा रस्त्यावरील, भोर तालुक्यातील कामथडी हे आमचे गाव. पौषातल्या थंडीत आजी पहाटेच कोळशाची शेगडी पेटवी. निखाऱ्यांवर राख पसरून ती आच मंद करी व वर परात ठेवी. परातीत मूठभर तीळ असत. शेजारी साखरेचा एकतारी पाक असे. उकळताना दूध घालून त्याची मळी काढलेली असे. थोड्या पाकात केशरही खललेले असे.

आजी चमचाभर पाक तिळांवर सोडी आणि बोटांनी ते सारखे फिरवी. ओलावा उडाला, की प्रत्येक तिळावर साखरेचा पातळ थर उरे. मगच दुसरा चमचा! पाक अधिक पडला, तर दाणे एकमेकांस चिकटत; आच वाढली, तर साखर पिवळी पडे. दोन-तीन दिवसांनी दाण्यांवर बारीक टोके दिसू लागत.

मी विचारी, "आजी, हे काटे तू कशाने काढतेस?"

ती हसून म्हणे, "काटे थंडी काढते. मी नुसता हात फिरवते."

एके वर्षी नव्या काकूची पहिली संक्रांत होती. काळ्या चंद्रकळेवर तिला हलव्याचे दागिने घालावयाचे होते. परंतु सणाच्या तोंडावर आभाळ भरून आले. हवा दमट झाली; साखर वाळेना, काटा येईना.

आई म्हणाली, "सासूबाई, यंदा पुण्याहून दागिने मागवू या का?"

"आभाळ निवळू दे," एवढेच बोलून आजीने परातीवर फडके टाकले.

दोन दिवस शेगडी थंड राहिली. तिसऱ्या पहाटे गारठा परतला. आजी दिवसभर परातीपाशी बसली. तिच्या बोटांची टोके लाल झाली. तरीही हलवा पुरला नाही. मुकुट व कंबरपट्टा राहिले. हार, मंगळसूत्र आणि बांगड्या तेवढ्या झाल्या. काकूने त्या जपून घातल्या. पुढल्या वर्षी पहाटे आजीच्या शेजारी तीच बसली होती.

मोठेपणी वाचनात आले, की जपानातही असाच साखरेचा काटेरी दाणा होतो. त्याचे नाव कोंपेइतो. तो तेथे पोर्तुगिजांनी नेला. १५६९ साली लुईश फ्रॉइश या धर्मोपदेशकाने तो ओदा नोबुनागा या सरदारास भेट दिला होता. फिरत्या तापल्या कढईत तो घडण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. आता ती कढई यंत्राने फिरते; पाक मात्र अजूनही थोडा थोडाच सोडावा लागतो, आणि एक थर वाळेपर्यंत दुसऱ्यासाठी थांबावे लागते.