सात ते चार



"आम्हाला नाही बाई चित्रकला येत," असं आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात. आणि याच बायका सकाळी दूध तापायला ठेवून उंबऱ्यासमोर सात ते चारची रांगोळी काढून मोकळ्या होतात! ती चित्रकला नाही तर काय?

फरक ठिपक्यांचा आहे. मधली ओळ सातची, मग वर आणि खाली सहा, पाच, चार. प्रत्येक ठिपका आधीच्या दोहोंच्या मधोमध. एकूण ३७ ठिपके. कोऱ्या कागदापुढे बसलं की कुठून सुरू करू, केवढं काढू, जमेल का, हे सगळं एकदम अंगावर येतं. ठिपके घातले की त्यातलं बरंचसं आधीच ठरून जातं. हाताला फक्त पुढचा ठिपका गाठायचा असतो. म्हणून डोकं शांत राहतं. तमिळनाडूतल्या कोलममध्येही असेच ठिपके. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात या कोलमच्या नियमांचा भाषेच्या व्याकरणासारखा अभ्यास केला. आपण मात्र 'बायकांची रांगोळी' म्हणून सोडून देतो.

माझ्या थोरल्या नणंदबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, भाऊजी गेल्यावर उंब्रजला आमच्याकडे राहायला आल्या. दिवसभर खिडकीशी बसायच्या. स्वयंपाकाला हात लावू म्हणायच्या आणि भाजी निवडता निवडता थांबायच्या. मी दारात रांगोळी काढा म्हटलं, तर आलेल्या एका नातेवाईक बाई चटकन म्हणाल्या, "आता त्यांनी कशाला?" मला हे अजिबात पटत नाही. पण अक्कांनी हात मागे घेतला तो घेतलाच.

देरासरात मात्र त्यांना कोण अडवणार? पाटावर तांदळाचं स्वस्तिक, चार बाजू म्हणजे चार गती. त्यावर ज्ञान, दर्शन, चारित्र्याच्या तीन ढिगल्या, वर चंद्रकोरीसारखी सिद्धशिला आणि सिद्धाचा एक दाणा. यात नवीन काही सुचावं लागत नाही, चांगलं-वाईट कुणी ठरवत नाही. पहिल्या दिवशी अक्कांची कोर वाकडी झाली. त्यांनी बोटाने सारखी केली. महिन्याभरात त्या माझ्याआधी तयार होऊन चपला घालून दारात उभ्या राहू लागल्या.

मग मी त्यांना लेकीची जुनी चौकटीची वही दिली. अट माझीच: एकच निळं पेन, रोज एक पान, खोडरबर नाही. रंगांची पेटी मुद्दामच दिली नाही, नाहीतर रंग निवडण्यातच दुपार गेली असती. तुमच्या घरी कुणाला द्यायची असेल तर कमी साहित्य द्या, आणि पहिले ठिपके तुम्हीच घालून द्या.

कधी कमळ, कधी नुसतीच वेलबुट्टी. काढताना अक्का पुटपुटतात, नवकार असतो बहुधा, मी विचारत नाही. गेल्या आठवड्यापासून त्या नऊ ते पाच घेतात, ६१ ठिपके. आता ठिपकेही स्वतःच घालतात. वही संपत आलीय, बाजारातून दुसरी आणायचीय.