आढ्य रोगी

वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या पहिल्याच अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार चार गुण त्याने मोजून दिले असून रोग्याच्या गुणांत अग्रस्थान दिले आहे ते 'आढ्य' ह्या शब्दास. आढ्य म्हणजे धनसंपन्न. चरकानेही हेच चार पाद वर्णिले आहेत. परंतु त्याच्या रोग्यापाशी स्मरणशक्ती, आज्ञाधारकपणा, निर्भयता आणि आपली पीडा नीट सांगण्याचे सामर्थ्य एवढे असले म्हणजे पुरे. द्रव्याचे नाव त्याने तेथे काढलेले नाही. शाळेत कधी ह्या भेदाचा विषय निघाला की मुले हसत, आणि वाग्भट मोठा व्यवहारी खरा, असे म्हणून आम्ही पुढच्या पाठाकडे वळत असू. परंतु २०२३ साली आमच्या कुटुंबावर जो प्रसंग आला, त्या वेळेपासून हा एक शब्द आमच्या मनातून जात नाही. आढ्य असावयाचे कोणी? रोग्याने, त्याच्या कुटुंबाने, त्याच्या धन्याने, की राष्ट्राने?

आमचा पुतण्या जालन्यासच शिकला आणि पुढे संगणकशास्त्राची पदवी घेऊन अमेरिकेस गेला. २०२३ च्या प्रारंभी तिकडील संगणक-व्यवसायात हजारो माणसांस एकदम घरी बसविण्यात आले, त्यांत तोही सापडला. सूनबाईंस त्या वेळी सातवा महिना होता. त्याच्यासारख्या परदेशी नोकरदारास नोकरी सुटल्यावर साठ दिवसांत दुसरी मिळवावी लागते, नाही तर देश सोडावा लागतो, ही धास्ती होतीच. पण फोनवर त्याचा आवाज कापत होता तो दुसऱ्या कारणाने. "काका, नोकरीबरोबर विमाही गेला," असे तो म्हणाला. वहिनींस ह्याचा उलगडा होईना. नोकरी गेली म्हणजे पगार जावा हे समजते. परंतु पोटातल्या लेकराच्या दवाखान्याचा बापाच्या नोकरीशी काय संबंध, असे त्यांनी विचारले. प्रश्न अगदी साधा. उत्तर मात्र साधे नाही.

ते शोधण्यास ऐंशी वर्षे मागे जावे लागते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकन सरकारने पगारवाढीस बांध घातला. तेव्हा माणसे टिकविण्यासाठी कारखानदार पगाराऐवजी आजारपणाचा विमा देऊ लागले. त्यावर पुढे करसवलत मिळाली आणि युद्धकाळातील ही तात्पुरती सोय कायमची होऊन बसली. १९४५ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय विम्याची योजना मांडली. डॉक्टरांच्या संघटनेने तीस कडाडून विरोध केला व ती बारगळली. त्याच सुमारास, १९४६ साली, आपल्याकडे भोर समितीने पैसे नाहीत म्हणून कोणासही उपचार नाकारले जाऊ नयेत हे तत्त्व सांगितले, आणि १९४८ साली इंग्लंडने ते अमलातही आणले. अमेरिकेस वृद्धांसाठी मेडिकेअर व गरिबांसाठी मेडिकेड काढावयास १९६५ उजाडले. मेडिकेअरचे पहिले कार्ड वयोवृद्ध ट्रुमन यांच्याच हाती देण्यात आले, ही गोष्ट वाचताना आम्हांस बरे वाटले आणि वाईटही. २०१० च्या कायद्याने आणखी पुष्कळांस छत्र मिळाले. तरीही २०२३ साली सुमारे अडीच कोटी लोक विम्यावाचूनच होते.

आमचा पुतण्या ह्या अडीच कोटींत जाऊन बसला नाही. नोकरी सुटल्यावरही जुना विमा काही महिने पुढे चालविता येतो, अशी सोय तिकडे १९८६ पासून आहे. अट इतकीच की धनी जो भाग भरीत असे तोही आता आपणच भरावयाचा. २०२३ साली धन्याकडून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता सुमारे २४,००० डॉलर होता व त्यांपैकी नोकरदार स्वतः साधारण ६,६०० डॉलर भरीत असे. म्हणजे बाकीचा डोंगर धन्याच्या खांद्यावर होता हे खांदा निघाल्यावरच कळावयाचे. पगार बंद झाला त्याच दिवशी हप्ता कित्येक पटींनी वाढावा, ह्यास काय म्हणावे? पुतण्याच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज होते. शेवटी बदनापूरकडील आमच्या मोसंबीच्या बागेचा त्या वर्षीचा पैसा, जो घराच्या मागील पडवीच्या दुरुस्तीसाठी ठेवला होता, तो अमेरिकेस रवाना झाला. जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्राच्या दवाखान्यास जालना जिल्ह्यातील मोसंबीने हातभार लावावा, हा योग आम्ही तरी कोणत्या पत्रिकेत वाचला नव्हता.

सातव्या आठवड्यात त्यास दुसरी नोकरी मिळाली, आणि पुढे मुलगी झाली, दोघी सुखरूप. त्यानंतर कागद येऊ लागले. रुग्णालयाचा एक, भूल देणाऱ्या डॉक्टरांचा दुसरा, तपासण्यांचा तिसरा. विमा कंपनीकडून आलेल्या एका कागदावर छाती दडपून टाकणारा आकडा, आणि त्याखाली 'हे बिल नव्हे' अशी सूचना. पुतण्याने ती वाचून दाखविली तेव्हा आम्हांस उपनिषदांतील 'नेति नेति'ची आठवण झाली. ब्रह्माचे वर्णन असे नकाराने करणे युक्त आहे; बाळंतपणाच्या खर्चाचे वर्णन तरी निदान होकाराने व्हावे! रुग्णालयांनी आपले दर प्रसिद्ध केले पाहिजेत असा नियम तेथे २०२१ पासून आहे. पण आपणांस अखेर किती पडेल हे पुतण्यास आधी कोणी सांगू शकले नाही.

इतके द्रव्य ओतून त्या राष्ट्रास मिळते काय? २०२३ साली अमेरिकेने दर माणशी १४,५७० डॉलर, म्हणजे आपले सुमारे १२ लाख रुपये, आरोग्यावर खर्च केले. त्या वर्षी तेथील सरासरी आयुर्मान ७८.४ वर्षे होते. जपानचे ८४ च्या आसपास आहे. वहिनी ज्या धास्तीने रात्र रात्र जागत, तिच्यासंबंधीचा आकडा तर विचार करावयास लावणारा आहे. महाराष्ट्रात २०१८ ते २०२० ह्या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. अमेरिकेत २०२१ साली जवळजवळ तितक्याच. ते करोनाच्या साथीचे वर्ष होते व २०२३ पर्यंत तेथील प्रमाण १९ च्या खाली आले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तथापि त्यांच्या व आमच्या तिजोरीतील अंतर पाहता हे आकडे एकमेकांच्या इतके जवळ यावेत, हेच नवल.

ह्याचे एक कारण चरकाने विमानस्थानातील जनपदोध्वंसाच्या अध्यायात सुचविले आहे. वायू, उदक, देश आणि काल बिघडले म्हणजे भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी आजारी पडतात, असे तो म्हणतो. अमेरिकेत २०२१ ते २०२३ ह्या प्रत्येक वर्षी एक लाखाहून अधिक माणसे मादक द्रव्यांच्या अतिसेवनाने मेली, आणि दर पाच प्रौढांपैकी दोघे अतिस्थूल आहेत. ही दुखणी बाजारात व स्वयंपाकघरात जन्म पावतात. रुग्णालयाकडे येतात ती मागाहून. आमच्या जालन्याकडे पाहिले तरी तेच. नळास रोज पाणी नाही म्हणून घरोघर पिंपे भरून ठेवावयाची, त्या पिंपांत डेंग्यूचे डास वाढावयाचे, आणि मग प्लेटलेट किती उतरल्या ह्याची चौकशी करीत प्रयोगशाळांच्या दारी उभे राहावयाचे. पाण्याचा पैसा वाचवून तो आपण सलाइनवर खर्च करतो.

आणि तो खर्च करतो कोण? भारतात आरोग्याच्या एकूण खर्चापैकी लोकांच्या स्वतःच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता; सरकारी हिशेबाप्रमाणे २०२१-२२ मध्ये तो ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे. जालन्यास २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा २०२३ च्या शासननिर्णयाने पाच लाखांवर नेण्यात आली. परंतु योजना कागदावर असणे निराळे आणि रात्री दोन वाजता हाताशी असणे निराळे. आमच्याकडे भांडी घासावयास येणाऱ्या बाईंचे यजमान लोखंडाच्या कारखान्यात कामास आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात तापलेले लोखंड पायावर पडून ते भाजले. सोबत्यांनी जवळच्या खाजगी दवाखान्यात नेले. तो योजनेच्या यादीत नव्हता, आणि कोणता आहे हे त्या वेळी सांगणारा कोणी भेटला नाही. अनामत रकमेसाठी बाईंचे मंगळसूत्र गहाण पडले. चौथ्या दिवशी साठ किलोमीटरवरच्या घाटी रुग्णालयात हलविल्यावर पुढचे उपचार झाले व पाय वाचला. मंगळसूत्र सोडवावयास अकरा महिने लागले. धनी, विमा, कागद, अनामत: अमेरिकेत जे नाटक डॉलरमध्ये चालते तेच येथे रुपयांत चालले होते, आणि येथे मोसंबीची बाग नव्हती.

आमच्या वडिलांच्या काळी घरातील कोणी अंथरुणास खिळला तर त्याचा खर्च किती आणि कोणाचा, हे कोणी विचारीत नसे. सामायिक तिजोरी हाच विमा. आता चार बंधूंच्या चार चुली झाल्या आहेत. २०२३ च्या दिवाळीत आम्ही सर्वांनी मिळून एक दुखणेखाते उघडले. प्रत्येक चुलीने महिना एक हजार रुपये त्यात टाकावयाचे, आणि ज्याच्या घरी मोठे दुखणे येईल त्याने न लाजता उचलावयाचे. पुतण्याने दहा हजार पाठवीन म्हटले, तेव्हा वहिनींनी त्यास सांगितले की सर्वांइतकेच पाठव. जास्त देणारा झालास की घेताना संकोच वाटेल. आम्हांस हे अर्थशास्त्र पटले.

वाद आहे तो बाईंच्या घरास ह्या खात्यात घ्यावे की नाही ह्याचा. वहिनी व आम्ही घ्यावे म्हणतो. धाकट्या बंधूंचे म्हणणे असे की खाते कुटुंबाचे आहे, एकदा दार उघडले की सीमा कोठे आखणार. आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, कारण चार हजारांच्या मासिक जमेत एक मोठे दुखणेही बुडवावयास पुरेसे असते. तीनदा बैठक झाली, तीनदा चहा झाला. बाईंनी मात्र गेल्या महिन्यात कोणी न सांगता शंभराची नोट वहिनींच्या हातावर ठेवली. ती वहीत कोणत्या नावाखाली जमा करावी, हे अद्याप ठरलेले नाही.