चिठ्ठीमागची चिठ्ठी

खजिना शोधायचा खेळ मला वाड्यातल्या गणपतीत मिळाला. संध्याकाळची आरती झाली, की थोरली मुलं चिठ्ठ्या लपवायची. पहिलं कोडं सुटलं की बंबामागे दुसरी चिठ्ठी, तिच्यावरून जिन्याखाली तिसरी. शेवटी लिमलेटच्या गोळ्या मिळायच्या. पण आम्हाला खरी गोडी होती ती मधल्या धावाधावीची.

शाळेतला इतिहास मात्र जागेवर बसून शिकायचा. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, कारणे द्या. मला सनावळ्या पटकन पाठ व्हायच्या, आवडायच्याही. एका सनाकडून दुसऱ्याकडे जायला वाट असते, हे ध्यानात आलं ते बी.एड.चे पाठ काढताना. वाड्यातल्या चिठ्ठ्या तेव्हा जगाच्या इतिहासात शिरल्या, त्या आजही माझ्या वर्गात आहेत.

आठवीचा ‘युरोप आणि भारत’ शिकवून झाला, की उजळणीला मी हाच खेळ घेते. गट पाडायचे, उत्तर जिथे नेईल तिथे पुढची चिठ्ठी. ‘1453 साली ऑटोमन तुर्कांनी जिंकलेलं शहर’ असं वाचलं, की मुलं भिंतीवरच्या नकाशाकडे धावतात. इस्तंबूलवर, म्हणजे तेव्हाच्या कॉन्स्टँटिनोपलवर, बोट ठेवून नकाशा उचलतात, तर मागे चिठ्ठी: ‘1492 मध्ये कोलंबस मसाल्यांच्या देशाला निघाला. काळ्या मिरीऐवजी त्याला कोणतं तिखट भेटलं?’ उत्तर असतं पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात, मावशींच्या तिखटाच्या डब्याखाली.

मिरची परदेशातली, हे मुलांना पटता पटत नाही. ‘मग बाई, त्याआधी आपल्याकडे तिखट खातच नव्हते?’ खात होते, मिरी आणि पिंपळी घालून. मिरची आली पोर्तुगिजांमुळे. बटाटा, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंदही मूळचे अमेरिका खंडातलेच, हे कळल्यावर उपवासाच्या खिचडीबद्दल वर्गात जी चर्चा रंगते, ती आवरायला मला जिवावर येतं.

खेळ संपला, की सगळ्या चिठ्ठ्या सनांप्रमाणे फरशीवर मांडायच्या. त्यांत एक मी मुद्दाम घातलेली असते: 1415, पोर्तुगालने उत्तर आफ्रिकेतलं सेउटा जिंकलं. एका वर्षी एक मुलगी ती ठेवता ठेवता थांबली. ‘बाई, तुर्कांनी वाट अडवली म्हणून हे समुद्रात उतरले ना? मग 1453 च्या आधीच आफ्रिकेत कसे?’

त्या प्रश्नावर पुढचे दोन तास गेले. कॉन्स्टँटिनोपल पडल्यावरही व्हेनिसचे व्यापारी अलेक्झांड्रियात मिरी विकत घेत होते. पोर्तुगालला त्या व्यापारात शिरकाव हवा होता, शिवाय आफ्रिकेतलं सोनं हवं होतं. 1488 मध्ये बार्तोलोम्यू दियाश आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून गेला, 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि 1510 मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेलं. 1453 चं महत्त्व यामुळे संपत नाही. ते अनेक कारणांतलं एक ठरतं.

‘कारणे द्या’चे गुण एका ओळीतही मिळतात. पण चिठ्ठ्या हाताने मांडलेल्या मुलांना सनावळीचा खरा उपयोग कळतो: कारण आधी घडलेलं असावं लागतं. एवढी कसोटी जवळ असली, की उद्या भाषणात किंवा बातमीत कुणी ‘अमुक झालं म्हणून तमुक झालं’ असं ठासून सांगितलं, तरी ही मुलं आधी तारखा विचारतील. इतिहास शिकवण्यामागे माझा हाच हेतू आहे.