सोवळ्याची किंमत

देवपूजेच्या वेळी आई रेशमी सोवळे नेसत असे. लहानपणी एकदा तापाने फणफणले असताना मी तिला बिलगायला गेले, तर ती दोन पावले मागे सरली. "शिवू नकोस, सोवळ्यात आहे मी," एवढेच म्हणाली. नैवेद्य होईपर्यंत मी दाराशी उभी राहिले. त्या वस्त्राचा मला राग आला नाही. जे आईलाही माझ्यापासून दूर ठेवू शकते ते केवढे पवित्र असेल, असेच वाटले.

पुढे नोकरीच्या निमित्ताने म्हैसूरला स्थायिक झाले. या मुलखात रेशमाला टिपू सुलतानाने उत्तेजन दिले. नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत, १९१२ साली, शहरात रेशीम विणण्याचा कारखाना निघाला. भाचीच्या लग्नासाठी साडी घ्यायला गेले, तेव्हा विक्रेत्याने जरीत चांदी किती नि सोने किती, हे आपणहून सांगितले. किमतीत काय काय धरले आहे, याची माझी खात्री पटली.

त्यानंतर काही दिवसांनी बंगळूरच्या वाटेवर रामनगरला थांबण्याचा योग आला. तिथला कोषांचा बाजार मोठा नामांकित. जवळच्याच एका लहानशा कारखान्यात कोषांपासून धागा काढण्याचे काम चालले होते. रेशमाचा किडा पंचवीसेक दिवस तुतीचा पाला खातो, चार वेळा कात टाकतो आणि दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती एकच अखंड धागा गुंडाळून घेतो. पतंग होऊन तो बाहेर पडला, तर कोषाला भोक पडते नि धागा तुटतो. म्हणून त्याआधीच वाफेने किंवा गरम हवेने त्याला आतच मारतात. मग कोष कढत पाण्यात. त्या पाण्यात बोटे घालून एक बाई धाग्याची टोके शोधत होती; बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. बाजूला उघड्या पडलेल्या मृत कोशितांचा ओला ढीग होता. त्याचा वास दिवसभर नाकातून गेला नाही.

घरी येऊन हिशेब मांडला. एक किलो कच्च्या रेशमाला सहा-सात किलो कोष लागतात. एका कोषाचे वजन दीड-दोन ग्रॅम. अर्ध्या किलोच्या साडीचा आकडा दीड हजार जिवांच्या खाली येईना. ज्या घरात मुंगीवर पाय पडला तरी चुकचुकत, त्या घरातले सर्वांत शुद्ध वस्त्र हे! लेकराच्या स्पर्शाने ते विटाळत होते. या मरणांनी विटाळत नव्हते.

आई म्हैसूरला आली तेव्हा हे सारे मी तिला सांगितले. थोडे विजयाच्या सुरात, हे कबूल केले पाहिजे. धुऊन, कुणी न शिवता वाळवलेले सुती वस्त्रही सोवळ्यात चालते, मग रेशीमच कशाला, असेही विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सुती सोवळं रोज धुवावं लागतं. माझ्या सासूबाईंनी ते थंडीपावसात केलं. रेशीम रोज धुवावं लागत नाही. तेवढीच माझी सुटका झाली."

माझ्या हिशेबात ही रक्कम नव्हतीच. एका बाईचे कष्ट वाचले, ते दुसऱ्या बाईच्या बोटांवर आणि मुक्या जिवांवर गेले. पतंग उडून गेल्यावर कातलेले अहिंसक रेशीमही मिळते म्हणतात. पण पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला हा पतंग बाहेर आला तरी उडू शकत नाही, अंडी घालून चार दिवसांत मरतो. आणि रेशीम सोडावे, तर तुतीवर पोट असलेल्या शेतकऱ्याला काय सांगावे? उत्तर मला सापडलेले नाही.

"ताप होता ना तेव्हा तुला?" आईने मधेच विचारले. तिलाही तो दिवस आठवत होता. "होता," मी म्हटले. तिने हात पुढे करून माझ्या कपाळाला लावला, इतक्या वर्षांनी.

भाचीची साडी अजून कपाटात आहे. लग्नात ती तिला देणार आहे; पण नुसती जरीतल्या सोन्याची गोष्ट सांगून द्यायची नाही, एवढे ठरवले आहे.