ओळखीचा वकील

फ्लॅट बघायला आम्ही चार वेळा गेलो. वकील मात्र पाच मिनिटांत ठरला, तोही जेवताना. बाबा म्हणाले, "काका आहेत ना." विषय संपला.

काका म्हणजे बाबांचे जुने मित्र. पनवेल कोर्टात तीस वर्षं प्रॅक्टिस. आजीच्या मृत्युपत्रापासून दादाच्या भाडेकरारापर्यंत आमच्या घरातला प्रत्येक स्टॅम्प पेपर त्यांच्या हातून गेलेला. मी फी विचारली तर हसले. "तुझ्याकडून काय घ्यायचं? दे पंधरा हजार." पाच हजार मी तिथेच जीपे केले.

फ्लॅट नवीन पनवेलला, सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये. वन बीएचके, दुसरा मजला, ४८ लाख. २०२३चा पावसाळा होता आणि एजंटचं प्रत्येक वाक्य "विमानतळ सुरू झालं की" इथून सुरू व्हायचं. आम्ही एक लाख टोकन दिलं. त्यातले साठ माझे, चाळीस बाबांच्या पीएफचे.

दहा दिवसांनी काकांनी सर्च रिपोर्ट दिला. दीड पान. "क्लिअर आहे," म्हणाले. मी तो तीनदा वाचला. कळला नाही, आणि कळला नाही हे सांगायची लाज वाटली.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं नुकतंच खांदा कॉलनीत घर घेतलं होतं. तिनं एकच विचारलं, "सिडकोच्या रेकॉर्डला विकणाऱ्याचं नाव लागलंय का?" मी एजंटला विचारलं. तो म्हणाला, "प्रोसेसमध्ये आहे. आणि मॅडम, वकीलसाहेबच दोन्हीकडचं बघतायत, टेन्शन घेऊ नका."

दोन्हीकडचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

काकांना फोन केला. "काका, विकणाऱ्यांचे वकीलपण तुम्हीच आहात का?"

"अगं, वकील कसला, दोन कागद करून देतोय त्यांना. आणि बँकपण तपासतेच की."

आवाजात राग नव्हता. थोडं वाईट वाटल्यासारखा होता, आणि त्यामुळे मलाच गुन्हेगार वाटायला लागलं. तरी दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून मी एका वकील मॅडमकडे गेले. माझी त्यांची काही ओळख नव्हती. सल्ल्याचे दीड हजार त्यांनी आधी घेतले, मग चष्मा लावला.

त्यांनी कागद तारखेप्रमाणे टेबलावर मांडले. १९९४ला सिडकोनं फ्लॅट एका गृहस्थांना दिला. २००६ला त्यांनी पैसे घेऊन तो दुसऱ्याच्या ताब्यात दिला, पण विक्री केली नाही. फक्त कुलमुखत्यारपत्र करून दिलं, म्हणजे आपली पॉवर ऑफ अटर्नी. नवी मुंबईत हे खूप चालायचं. सिडकोची जमीन भाडेपट्ट्यावर असायची, घर दुसऱ्याच्या नावावर करायचं तर सिडकोची परवानगी लागायची आणि ट्रान्सफरचे पैसे भरावे लागायचे. ते वाचवायला हा शॉर्टकट. मग २०१३ला त्या पॉवरवाल्यानं मूळ मालकातर्फे सही करून फ्लॅट आमच्या विकणाऱ्याला दिला.

"कुलमुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०११मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगितलंय," मॅडम म्हणाल्या. "पण तुझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. २०१३ला मूळ मालक जिवंत होते का? पॉवर देणारा माणूस गेला की साधारणपणे पॉवरही संपते."

सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं. ते सहज म्हणाले, "ते ना? २०११लाच गेले."

बँकेचं मॅडमनी एका वाक्यात संपवलं. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो, तुझ्यासाठी नाही.

वकील बदलणं कायद्यानं अगदी सोपं आहे. कोर्टात केस चालू असेल, वकीलपत्र दाखल असेल, तर नवा वकील जुन्याची एनओसी मागतो. घरखरेदीत वकीलपत्रच नसतं. फाइल घ्यायची, दुसरीकडे द्यायची. पण काकांनी फाइल दिली नाही. "उरलेले दहा हजार दे आणि ने," म्हणाले. मॅडमनी सांगितलं, हेही चालत नाही. मध्य प्रदेशातल्या एका वकिलानं फी थकली म्हणून सहकारी बँकेच्या फायली अडवल्या होत्या. २०००मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, फी हवी तर वेगळी वसूल कर, अशिलाचे कागद अडवायचे नाहीत. मॅडम नोटीस पाठवायला तयार होत्या.

मी दहा हजार दिले. त्यांनी सर्च केला होता, आणि बाबांच्या मित्राला नोटीस पाठवायची माझी हिंमत नव्हती.

बाबांना मात्र सांगावंच लागलं. ते आणि काका रोज संध्याकाळी वडाळे तलावाला चालायला जायचे. मी कागद दाखवले, तारखा दाखवल्या. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला आधी विचारायचं होतंस." मी विचारलं असतं तर त्यांनी काकांनाच विचारलं असतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. दोन दिवस ते माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलले. काकांनी चालायला येणं बंद केलं. किंवा वेळ बदलली असेल.

पुढचे आठ महिने कंटाळवाणे होते. मूळ मालकांची बायको आणि मुलगा उरणला सापडले. आधी त्यांची नावं वारस म्हणून सिडकोत लावायची, मग पुढचं. त्यांनी पैसे मागितले, ते विकणाऱ्यानं घासाघीस करून दिले. माझ्या लोनचं सँक्शन लेटर संपलं, पुन्हा अर्ज केला. रजिस्ट्रेशनच्या दिवशी आजी सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात मुलाचा हात धरून आल्या. बायोमेट्रिकला त्यांचा अंगठा उठेना. ऑपरेटरनं ओलं कापड दिलं, तीनदा पुसला. तेवढ्यात त्यांनी मला विचारलं, "मागच्या गॅलरीतनं अजून गाढी नदी दिसते का गं?" समोर टॉवर झालाय, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि चौथ्यांदा अंगठा ठेवला.

ताबा मिळाल्यावर मॅडमनी सगळे कागद परत दिले. त्यात काकांची जुनी फाइलही होती, त्यांच्या नावाच्या पिवळ्या पुठ्ठ्यात. कपाटात ठेवण्याआधी मी चाळत होते. २००६च्या कुलमुखत्यारपत्राच्या झेरॉक्सवर, समासात, पेन्सिलनं बारीक लिहिलेलं होतं: "मूळ मालक हयात?" खाली एक रेघ. बस.

मी ते बाबांना दाखवलं. त्यांनी कागद खिडकीशी नेला, चष्मा वर केला.

"अक्षर त्याचंच आहे," म्हणाले.

मग पायात चपला अडकवल्या आणि तलावाकडे निघाले. मी विचारलं, "येऊ का?" नको म्हणाले.