दारफळणीचा दसरा

आमच्या ठाण्याच्या घराच्या दाराला दोन दागिने आहेत. एक वर, खिळ्यांना अडकवलेलं तोरण; सणावारी झेंडू आणि आंब्याच्या पानांचं, एरवी चौलच्या आत्यानं विणलेलं लोकरीचं. दुसरा आत शिरताना उजव्या हाताला, चौकटीवर ठोकलेली बोटभर लांबीची पितळी नळी. नळीत चर्मपत्राची गुंडाळी आणि तिच्यावर हिब्रूत हातानं लिहिलेली शेमा प्रार्थना. हा मेझुझा. आई जाता-येता त्याला बोटं लावते आणि मग तीच बोटं ओठांना. लहानपणी मला वाटायचं, प्रत्येकाच्या दाराला हे असतंच. शेजाऱ्यांच्या दारात उभी राहून मी उजव्या चौकटीवर चाचपडत असे आणि शेजारच्या काकू आतून ओरडत, ‘अगं, बेल डावीकडे आहे!’

आई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, अलिबागच्या इस्रायल आळीतली. बाबा चौलचे. म्हणजे दोघंही अष्टागरातलीच. नारळ-सुपारीच्या वाड्या त्याच, विहिरींचं मचूळ पाणी तेच, ‘काय गो’ म्हणायची ढब तीच. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून आपण झालो, असं आईकडची माणसं सांगतात. मग कित्येक शतकं त्यांनी कोकणात घाणे फिरवले, तेल गाळलं, आणि शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून गावानं नाव दिलं शनवार तेली. आडनावंही गावावरून: केहीमकर, दिवेकर, पेणकर, झिराडकर. बैलगाडीनं गेलं तर एका सकाळीत संपावं एवढंच दोन घरांमधलं अंतर. रीतीभातीचं अंतर किती, ते मात्र लग्न ठरल्यावर दोन्हीकडच्यांना पहिल्यांदाच मोजावं लागलं.

लग्न १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं. त्यात नोटीस तीस दिवस कचेरीत लावून ठेवतात. दोन्हीकडचे नातेवाईक ती वेगवेगळ्या दिवशी येऊन वाचून गेले, हरकत मात्र कुणी घेतली नाही. चौलची आजी म्हणे, ‘वाचायला गेले ते सगळे चष्मा विसरून गेले असतील.’

मला सांगायचं आहे ते दिनदर्शिकेबद्दल. स्वयंपाकघराच्या दाराआड आमची मराठी दिनदर्शिका लटकते आणि तिच्यावर आई दर जानेवारीत निळ्या पेनानं आपले सण टिपते. तिच्या सणांची नावं ऐकली तर कुणाला वाटेल, हिब्रूशी यांचा संबंध काय! रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. सुक्कोथ म्हणजे खिरीचा सण. पुरीम हा होळीचा सण, आणि त्या दिवशी पुरणपोळ्या. तिशा बआव, जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा शोक, तो बिरड्याचा सण. कारण त्या दिवशी पानावर वालाचं बिरडं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मंदिराचं दुःख सोललेल्या वालात ठेवणारी माणसं मला फार आपली वाटतात. आणि योम किप्पूर, वर्षातला सर्वांत मोठा उपास, तो दारफळणीचा सण. दार फळणे म्हणजे दार लावून घेणे.

दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात आणि सूर्याला धरून राहायची दोघांचीही धडपड असते. चंद्राचं वर्ष अकरा दिवसांनी तोकडं पडतं. ती तूट आपण अधिक मासानं भरतो, ज्यू लोक अदार महिना दोनदा मोजून. त्यांच्याकडे एकोणीस वर्षांत सात वेळा, आपल्याकडेही साधारण तेवढंच. कर्ज एकच, फक्त हप्ते वेगवेगळ्या वेळी. त्यामुळे मधली एकदोन वर्षं ही पंचांगं महिनाभर दूर जातात आणि पुन्हा जुळतात. जुळली की पुरीम होळीला येतो, पेसाह, म्हणजे वल्हांडण, हनुमान जयंतीच्या चांदण्यात, सुक्कोथ कोजागरीला. आणि योम किप्पूर, तिश्री महिन्याची दशमी, नेमका दसऱ्याला.

२०२३ साली तसं झालं नाही. आपण अधिक श्रावण भरून बसलो होतो, तिकडे हप्ता बाकी होता. आईचा उपास २५ सप्टेंबरला झाला, दसरा २४ ऑक्टोबरला. मग २०२४ साली दोन्ही १२ ऑक्टोबरला आले, २०२५ साली दोन्ही २ ऑक्टोबरला. लांब असले की घरात शांतता. एकाच दिवशी आले की सकाळपासून दाराचं काय करायचं हा प्रश्न.

कारण दसऱ्याला दार उघडं हवं. रांगोळी, तोरण, येणारा-जाणारा, ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.’ आणि दारफळणीला जुने बेने इस्रायल पांढरे कपडे घालून दारं लावून बसत. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, चामड्याची चप्पल नाही. परक्या माणसाचा स्पर्शसुद्धा टाळत. पूर्वजांचे आत्मे त्या दिवसांत घरी येऊन राहतात आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात, असंही जुनी माणसं मानत. ते मला लहानपणी समजावून सांगावं लागलं नाही. चौलच्या घरी त्याच सुमारास पितृपक्ष उरकलेला असे आणि कौलावर कावळे अजून हिंडत असत.

आईबाबांचं लग्न झालं १९७३च्या उन्हाळ्यात. पहिला दसरा आला ६ ऑक्टोबरला, शनिवारी. त्याही वर्षी दोन्ही दशम्या एकत्र. हे आधी कुणी मोजलंच नव्हतं. नव्या सुनेचा पहिला दसरा म्हणून चौलची आजी ठाण्याला आली, सोबत नारळ, पडवळ आणि हिरव्या काठाचं जरीचं लुगडं घेऊन. सकाळी पाहते तो सून पांढरीशुभ्र साडी नेसून दाराशी उभी. गळ्यात मंगळसूत्र आहे (बेने इस्रायल बायका ते घालतातच), हातात हिरवा चुडा आहे, आणि साडी मात्र विधवेची. नवऱ्यानं आणलेला पाण्याचा पेलाही ती परत करते आहे.

आजी मट्‌कन खाली बसली. आई सांगते, ‘मला वाटलं, आता ही रडणार. तिनं विचारलं काय, तर ही साडी परत कधी नेसतेस?’

‘पुढच्या वर्षी. ह्याच दिवशी.’

‘आणि मेल्यावर?’

आई म्हणाली, ‘तेव्हाही पांढराच.’ आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग उठून आपल्या पिशवीतली हळदकुंकवाची पुडी काढली आणि तशीच परत ठेवली. एवढंच. पुढच्या वर्षीपासून पांढरी साडी चौलहून येऊ लागली, काठाला बोटभर हिरवी पट्टी असलेली. ती पट्टी चालते का, असं आईनं सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हझानना विचारलं होतं म्हणे. ते काय म्हणाले ते आई कधी सांगत नाही.

त्या दिवशी आई पायीच प्रार्थनेला गेली. वाहन चालत नाही, आणि पायांत कापडी चप्पल. जाताना दार लोटून घेतलं तिनं, मेझुझाला हात लावला, आणि म्हणाली, ‘आज दार फळलेलं असू दे हं.’ आणि चाळीत पाच वाजल्यापासून आपट्याची पानं घेऊन माणसं येणार! बाबांनी काय करावं? दार उघडलं तर बायकोचा शब्द मोडतो, नाही उघडलं तर आजीच्या नव्या सुनेचा पहिला दसरा. तोड आजीनंच काढली. तिनं एक खुर्ची उचलली, बाहेर गॅलरीत टाकली, आणि बंद दाराकडे पाठ करून बसली. येईल त्याचं सोनं पदरात घेतलं, येईल त्याला श्रीखंडाची वाटी दिली. कुणी विचारलं, ‘आत कोण नाही?’ तर म्हणे, ‘आहेत ना. आत देव धरून बसलेत.’

हे वाक्य आमच्या घरात अजून चालतं. कुणी न्हाणीघरात वेळ लावला तरी म्हणतात.

आता एक बाजू सांगितली तर दुसरीही सांगायला हवी. आईच्या माणसांनीही दार लावून घेतलं होतं, आणि ते सणापुरतं नव्हतं. एका पोस्टकार्डाखेरीज अलिबागच्या आजोबांनी तीन वर्षं पत्र टाकलं नाही. बेने इस्रायलांत एके काळी गोरे आणि काळे असे दोन भाग होते. रंगाचा त्याच्याशी संबंध थोडाच. बाहेरच्या बाईपासून झालेली संतती आणि तिचे वंशज ते काळे. त्यांच्याशी सोयरीक नाही, पंगत नाही. समुद्रातून हात रिकामे घेऊन आलेल्या माणसांनी गावाकडून भाषा उचलली, चुडा उचलला, नारळाचं दूध उचललं, ते सगळं गोड. ही एक गोष्टही उचलली. आणि गंमत म्हणावी की काय, याच समाजाची माणसं इस्रायलला गेली तेव्हा १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठानं त्यांच्यापुढे तीच फूटपट्टी धरली. इतर ज्यूंशी लग्न करायचं तर तुमच्या आईची आई, तिची आई कोण होती, शोधून सांगा. जेरुसलेमला धरणं धरावं लागलं, तेव्हा १९६४ साली बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यूच आहेत असं जाहीर झालं. मामा तेव्हा इस्रायलमधल्या दिमोनात नवा होता. दहा वर्षांनी त्यानंच आजोबांना लिहिलं, ‘तिच्याशी बोला. फूटपट्टी कशी लागते ते मला माहीत आहे.’

मी स्वतः कोण, हे विचारणाऱ्यावर ठरतं. ज्यू धर्मशास्त्र आईकडून मोजतं, म्हणून त्यांच्या लेखी मी पूर्ण ज्यू. आडनाव बाबांचं, म्हणून शाळेच्या लेखी हिंदू. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा एका फॉर्मवर मी बराच वेळ पेन धरून बसले होते. आई म्हणाली, ‘चहा निवतोय.’

घरातल्या तडजोडी ठरवून झाल्या नाहीत, वापरानं झाल्या. मटणाचा रस्सा नारळाच्या दुधात, म्हणजे मांस आणि दूधदुभतं एकत्र येण्याची भीतीच नाही. हे चौलच्या आजीला इतकं साहजिक वाटलं की यात कसला धर्म, असं तिनं विचारलं. मासा खवल्यांचा आणि परांचा हवा, म्हणून कोलंबी, कुर्ल्या, तिसऱ्या घरात नाहीत. कोकणी माणसाला ही शिक्षा केवढी, ते फक्त कोकणी माणूसच जाणे. बाबा चौलला गेले की तिथे कालवं खाऊन येत आणि दोन वेळा दात घासत. गणपती चौललाच, ठाण्याच्या घरात मूर्ती नको, ही आईची एकुलती एक अट होती, आणि बाबांना ती आयुष्यभर थोडी बोचली. दर भाद्रपदात ते दोन दिवस गप्प असत. त्याला तोड निघाली नाही. सगळ्याला तोड निघतेच असं कुणी सांगितलं?

पाटीपूजनाची मात्र निघाली. दसऱ्याला मी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली तेव्हा आई बराच वेळ पाटीकडे पाहत राहिली. शेवटी म्हणाली, ‘ही तर गणिताची वही झाली. असू दे.’

तर १९७३ची ती संध्याकाळ. दिवेलागण झाली. आजी पदरभर आपटा घेऊन आत आली. बाबांनी सकाळीच काळ्या मनुका भिजत टाकल्या होत्या. शुक्रवारी रात्री द्राक्षारसाऐवजी आई त्यांचंच सरबत करून आशीर्वाद म्हणते, ते त्यांनी चार महिन्यांत पाहून ठेवलं होतं. मनुका कुस्करता कुस्करता त्यांनी रेडिओ लावला, आणि बातमी आली: इजिप्त आणि सीरियानं इस्रायलवर हल्ला केला आहे. मामा तिकडे. फौजेच्या राखीव दलात.

आई नऊच्या सुमाराला आली. शेवटची प्रार्थना झाली होती, शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकला गेला होता, पाय दुखत होते, तोंड कोरडं. तिला काही ठाऊक नव्हतं. दिवसभर प्रार्थनेत बसलेल्या माणसाला कोण रेडिओ ऐकवणार? बाबांनी रेडिओ बंद करून त्यावर टॉवेल टाकला होता. सरबताचा पेला पुढे केला. आई म्हणते, ‘इतकं गोड सरबत मी कधी प्यायले नाही, साखर दुप्पट घातली होती या माणसानं.’ दुसरा पेला भरला. मग भात वाढला. आजी पदरातली पानं मोजत होती, पुन्हा पुन्हा. आई पोटभर जेवली, हात धुतले, आणि मगच बाबांनी टॉवेल उचलला.

मामाचं पत्र सव्वीस दिवसांनी आलं. तोवर अलिबागचे आजोबा आले नाहीत, पण एक पोस्टकार्ड आलं. त्यात फक्त एवढंच विचारलं होतं की काही कळलं का. बाबांनी उत्तर पाठवलं, आणि त्यात दोन आपट्याची पानं घातली.

आज बाबा नाहीत, आजी नाही. मामा दिमोनातून दर शुक्रवारी फोन करतो आणि अजून ‘काय गो’ म्हणतो. गेल्या दसऱ्याला आई ऐंशीच्या पुढची, पांढरी साडी, हिरवी पट्टी, उपास सोडणार नाही म्हणाली. मी खुर्ची गॅलरीत टाकली. दार लोटताना तिचा हात चौकटीवर गेला. तोरणाचा एक झेंडू सुटून मेझुझावर लोंबत होता. तिनं तो बाजूला सारला, बोटं ओठांना लावली, आणि आतून म्हणाली, ‘सोसायटीतली पोरं येतील, श्रीखंड कमी पडू देऊ नकोस.’